मोंते कासिनो: आधी डोंगर बघा, मग दफनभूमी

रोम बघून झालं की आपली मंडळी फ्लोरेन्सची गाडी धरतात. लढायांच्या इतिहासाची आवड असेल तर एक दिवस उलट्या दिशेला, दक्षिणेला कासिनोकडे वळवा. रोमा तेर्मिनीहून थेट पॅसेंजर मिळते, दीड-दोन तासांत पोचवते. आरक्षणाची भानगड नाही. कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड बसतो. स्टेशनवरून मोंते कासिनो डोंगरावरच्या ख्रिस्ती मठाकडे जाणाऱ्या बसेस मोजक्याच. चढतानाच परतीची शेवटची बस विचारून ठेवा. आम्ही वर टॅक्सीने गेलो आणि पैसे वसूल झाले.

पहिल्यांदा मठ, कारण वरून बघितल्याशिवाय दुसऱ्या महायुद्धातली इथली लढाई डोक्यात शिरत नाही. कठड्याशी उभं राहिलं की लिरी नदीचं खोरं आणि त्यातून रोमकडे जाणारा कासिलिना रस्ता हातावरच्या रेषेसारखा दिसतो. खाली कोणी हललं तरी वरच्याला कळणार! जर्मनांची गुस्ताव्ह नावाची बचावफळी इथेच होती. जानेवारी ते मे १९४४ मध्ये दोस्तराष्ट्रांनी इथे चार वेळा धडक दिली. १५ फेब्रुवारीला विमानांनी मठ जमीनदोस्त केला. आत जर्मन सैन्य नव्हतं. ते आलं नंतर, ढिगाऱ्यांच्या आडोशाला. शिवाय बॉम्बफेकीचा आणि पायदळाच्या मुख्य हल्ल्याचा मेळच बसला नाही. चौथ्या भारतीय डिव्हिजनला शेजारच्या ५९३ क्रमांकाच्या टेकडीवर त्याची किंमत मोजावी लागली. मार्चमध्ये नवव्या गुरखा रायफल्सची एक बटालियन मठाच्या अगदी खालच्या टेकाडावर आठवड्याहून जास्त चिकटून राहिली, पण शेवटी तिलाही माघारी बोलवावं लागलं.

माझ्या मते इथे खरी चाल फ्रेंच जनरल ज्यूँची. समोरून डोकं आपटण्यापेक्षा डोंगरातून वळसा घाला, असं तो सांगत होता. चौथ्या भारतीय डिव्हिजनचा सेनापती टकर याचंही मत तसंच होतं. मे महिन्यात ज्यूँच्या मोरोक्कन तुकड्या औरुंची डोंगर ओलांडून गेल्या आणि फळी फुटली. (याच तुकड्यांनी पुढे आसपासच्या खेड्यांत बायकांवर केलेले अत्याचार लोक विसरलेले नाहीत. तिथे हे कौतुक मोठ्याने करू नका.)

१८ मे रोजी मठात शिरले ते पोलिश सैनिक. त्यांची दफनभूमी मठाच्या जवळच आहे, हजारावर कबरी आहेत, सेनापती आंदेर्स स्वतःही तिथेच. सोव्हिएत छावण्यांतून सुटून इराणमार्गे आलेली ही माणसं. त्यांच्यातल्या कितीतरी जणांची बायकामुलं त्या वेळी आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत होती. तिथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. हे सैनिक इटलीत लढत होते तेव्हा पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकवून तो भाग सोव्हिएत संघाला देण्याची बोलणी चर्चिल-रूझवेल्ट-स्टालिन यांनी तेहरानमध्ये, १९४३ च्या अखेरीस, केलेली होती. दोस्तराष्ट्रांच्या दोस्तीबद्दल मला त्या पायऱ्यांवर बराच वेळ राग येत होता.

मठात गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत; उन्हाळ्यात पंचा किंवा ओढणी जवळ ठेवा. दुपारी बंद असण्याची शक्यता धरूनच निघा. ५९३ वरच्या पोलिश स्तंभापर्यंत पायवाट आहे, खडकाळ, सावली नाही. चपला घालून जाऊ नका आणि पाणी खालूनच भरून घ्या.

उतरल्यावर राष्ट्रकुल दफनभूमी, स्टेशनपासून चालत जाण्यासारखी. चार हजारांवर कबरी, आणि ज्यांचा देह सापडला नाही अशांची नावं उभ्या संगमरवरी फलकांवर. इथे माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे सापडतील. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे हे व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी १० जुलै १९४४ रोजी तिबेरच्या खोऱ्यात पडले. फलक खूप आहेत, ऊन डोक्यावर असतं. म्हणून राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर आधीच नाव शोधून फलकाचा क्रमांक लिहून न्या. २०२३ मध्ये मोन्तोने गावात त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ-स्मारक उभं राहिलंय. ते उंब्रियात, कासिनोहून बरंच उत्तरेला. तिकडे जायचं असेल तर भाड्याची गाडी घ्या आणि एक दिवस वेगळा ठेवा.