सेलेच्या काठानं: काओर, फिझाक, काजार्क आणि परत काओर

फ्रान्समध्ये सायकलवर फिरायचं म्हटलं की लोक लुआर नदीचं नाव घेतात. तिथे सगळं सपाट, पाट्या लावलेल्या, राजवाड्यांची रांग आणि सायकलवाल्यांचीही रांग. आम्हाला गर्दी नको होती. धाकटी बहीण तुलूझला शिकते, त्यामुळे तिच्या अंगणातलीच नदी निवडली, लॉत. सेव्हेनच्या डोंगरात उगम पावून, वेटोळी घेत घेत ही नदी एग्वियों गावापाशी गारोन नदीला मिळते. मात्र या फेरीतला उत्तम रस्ता लॉतवर नाही, तिला येऊन मिळणाऱ्या सेले या छोट्या नदीवर आहे. लॉतकाठचा बराच रस्ता तिथवर पोचण्यासाठी म्हणून धरायचा.

फेरी अशी: काओर, वेर, बूझिएस, तिथून सेलेच्या काठानं काब्रेरे, मार्सियाक आणि फिझाक. मग पठारावरून काजार्क आणि लॉतच्या डाव्या काठानं सँ-सिर्क-लापोपी करून परत काओर. अंतर साधारण दीडशे किलोमीटर. दमदार सायकलपटू हे दोन दिवसांत उरकतील, पण त्याला उरकणंच म्हणावं लागेल.

काओरला तुलूझहून थेट रेल्वे आहे, आणि पॅरिसच्या ओस्तेर्लित्झ स्थानकावरूनही. लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलसाठी वेगळं आरक्षण आणि वेगळे पैसे लागतात. प्रादेशिक गाड्यांत सायकलच्या जागा मोजक्या असतात, उन्हाळ्यात आधी चौकशी करूनच जा. सकाळी निघण्याआधी व्हालाँत्रे पूल बघून घ्या. १३०८ साली सुरू झालेलं हे काम कित्येक दशकं रखडलं, म्हणून सैतानाची गोष्ट तयार झाली. गवंड्यानं काम पुरं करून घ्यायला सैतानाशी सौदा केला आणि शेवटी त्यालाच फसवलं. त्या रागात सैतान रोज रात्री मधल्या बुरुजाचा एक दगड काढून टाकायचा. १८७९ मध्ये दुरुस्ती करणाऱ्या वास्तुविशारदानं बुरुजाच्या कोपऱ्यात दगड उपटू पाहणारा एक छोटा सैतानच कोरून बसवला. पुलावरून मान वर करून शोधा, नखं दगडात रुतवून बसलाय.

काओर ते वेर हा तुकडा निमूट सहन करायचा. डी ६५३ रस्त्यावर गाड्या आहेत, ट्रकही आहेत. सकाळी आठच्या आत निघालात तर त्रास कमी. वेरला हा रस्ता डावीकडे डोंगरात वळतो, आपण नदीकाठचा डी ६६२ धरायचा, की रहदारी निम्म्यावर येते. रोमन काळात काओरला पाणी नेणाऱ्या कालव्याचे अवशेष वेरजवळच्या कड्यात अजून दिसतात. सँ-झेरीनंतर कडे रस्त्याच्या अंगावर येतात, आणि बूझिएसपाशी तर खडकाच्या कपारीत चक्क तटबंदी बांधलेली आहे. तिला इंग्रजांची खिंड म्हणतात. फ्रान्स-इंग्लंडमधल्या शतवार्षिक युद्धाच्या आठवणी या खोऱ्यात जागोजागी इंग्रजांच्या नावानं चिकटलेल्या आहेत.

कॉन्दुशेला सेले लॉतला मिळते. इथे डावीकडे डी ४१ घ्या. फिझाकपर्यंत पंचेचाळीसेक किलोमीटर हाच रस्ता, आणि यासाठीच एवढं लिहितेय. रस्ता अरुंद, डांबर गुळगुळीत, नदी कधी उजवीकडे कधी डावीकडे. पाणी इतकं नितळ की पुलावरून तळातलं शेवाळ प्रवाहाबरोबर विंचरल्यासारखं एका बाजूला पडलेलं दिसतं. एका बाजूला पिवळट, मध्येच काळे ओघळ असलेले चुनखडीचे कडे, दुसऱ्या बाजूला अक्रोडाची झाडं आणि मक्याची शेतं. आम्ही गेलो तेव्हा जून होता, आणि अर्धा-अर्धा तास एकही गाडी यायची नाही. आपण प्रवाहाच्या उलट जातो, पण खोऱ्यातला एकूण चढ इतका थोडा आहे की पायांना कळत नाही. मधूनमधून रस्ता कड्याला वळसा घालायला वर चढतो, तेवढेच कष्ट.

काब्रेरेच्या वर पेश मेर्लची गुहा आहे. गावातून वर जायला चढ छोटा पण उभा आहे, सामानासकट असाल तर उतरून ढकला, कुणी बघत नाही. १९२२ मध्ये गावातल्या पोरांना आतली चित्रं सापडली. ठिपक्याठिपक्यांचे दोन घोडे, त्यांच्याभोवती काळ्या रंगाच्या फवाऱ्यानं उमटवलेले हाताचे ठसे, वय सुमारे २९ हजार वर्षं. उजवीकडच्या घोड्याचं डोकं बघा. तिथे खडकाची कडाच मुळात घोड्याच्या तोंडासारखी आहे, चित्रकारानं ती हेरून बाकीचा घोडा मागून जोडलाय. ही मूळ चित्रं आहेत, प्रतिकृती नव्हे. म्हणूनच रोजच्या प्रेक्षकांची संख्या बांधून दिलेली आहे आणि उन्हाळ्यात आयत्या वेळी तिकीट मिळत नाही. आधी नोंदणी करा, आणि वेळ घेताना चढाची पंधरावीस मिनिटं धरा. आत बारा-तेरा अंशांची गारठ असते. घामानं भिजलेल्या जर्सीत तासभर उभं राहिलं की दात वाजतात, एक कोरडा शर्ट हाताशी ठेवा.

आता खाण्यापिण्याचं, कारण या रस्त्यावर खरी अडचण तीच. शांतता आहे कारण वस्ती नाही, आणि वस्ती नाही म्हणजे दुकानही नाही. जी आहेत ती दुपारी साडेबारा ते तीन-साडेतीन बंद, रविवारी दुपारनंतर बंद, आणि सोमवारी बहुधा दिवसभर बंद. बहिणीचा धोशा सारखा चालू असे, "ताई, बारा वाजायच्या आत पाव घे. नंतर रडू नकोस." गाव दिसलं, बेकरी उघडी दिसली, की भूक असो नसो पाव घ्यायचा. सोबत रोकामादूर चीज, हातात मावणारी बकरीच्या दुधाची मऊ चकती, वजन पस्तीसेक ग्रॅम. पावावर पसरून वर अक्रोड आणि मध, की जेवण झालं. मी पुण्याहून नेलेली गुडदाणी मार्सियाकच्या आधीच संपली.

पाण्यासाठी गावच्या दफनभूमीत जा. तिथे फुलांना घालायला नळ असतोच. फक्त 'नॉं पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका.

शाकाहारी असाल तर या भागात बदक आणि कोकराशी गाठ आहे. त्यावर तोडगा म्हणजे 'जीत देताप', पदयात्रेकरूंसाठीची साधी निवासस्थानं. स्पेनमधल्या सान्तियागोला पायी जाणाऱ्यांच्या वाटेचा एक फाटा सेले खोऱ्यातून जातो. पंढरीच्या वाटेवर दिसावेत तसे पाठीवर पथारी घेतलेले लोक सकाळ-संध्याकाळ भेटतात, फरक एवढाच की हे एकेकटे आणि गप्प असतात. त्यांच्यामुळे छोट्या गावांतही खाट आणि रात्रीचं जेवण मिळतं. आदल्या दिवशी फोन करून "मांस नको, मासे नकोत, अंडं चालेल" असं स्पष्ट सांगायचं. नुसतं शाकाहारी म्हटलं तर ताटात मासा येऊ शकतो. एस्पान्याक-सँत-एलालीत जुन्या मठाच्या आवारातच असं निवासस्थान आहे. तिथला लाकडी चौकटींचा, विटांचा घंटामनोरा एखाद्या घराचा वरचा मजला चुकून देवळावर ठेवल्यासारखा दिसतो. मार्सियाकचा बेनेडिक्टीन मठ मात्र अर्धा पडलेला, चर्चच्या निम्म्या भागाला छप्परच नाही. मला तो पेश मेर्लच्या खालोखाल आवडला.

फिझाकच्या तोंडाशी पुन्हा मोठा रस्ता लागतो, तो सोसायचा. इजिप्तची प्राचीन चित्रलिपी उलगडणारा शांपोलियों १७९० मध्ये इथे जन्मला. त्याच्या घराशेजारच्या चौकात, ती लिपी उलगडायला कामी आलेल्या रोझेटा शिळेची प्रचंड प्रतिकृती जमिनीवर आडवी घातली आहे, तिच्यावरून चालता येतं. शक्य असेल तर शनिवारी पोचा, त्या दिवशी बाजार असतो.

फिझाकहून काजार्कला जाताना ग्रेआलूवरून पठारावर चढा. खालची हिरवळ संपते. खुरटे ओक, कोरड्या दगडी भिंती, मेंढ्या आणि दगडावर दगड रचून केलेल्या मेंढपाळांच्या गोल खोपट्या. ऊन बिनसावलीचं आणि पाण्याची बोंब, म्हणून हा टप्पा सकाळीच करा. वेळ कमी असेल तर फिझाक गाळून मार्सियाकहूनच सँ-शेल गावावरून काजार्कला उतरता येतं. चढ दोनेकशे मीटरचा, पण वळणं अशी आहेत की दम धरून चढता येतो. काजार्क परिसर केशरासाठी ओळखला जातो, ऑक्टोबरमध्ये केशराची जत्रा भरते.

काजार्कपासून नदीचा डावा काठ धरा. उजव्या काठावर डी ६६२ आहे आणि नकाशात तो सरळ, सोपा दिसतो, पण गाड्या सगळ्या त्याच्यावर असतात. डावीकडून काल्विन्याक, सेन्व्हिएरचा गढीवजा वाडा, क्रेगोल अशी गावं घेत सँ-सिर्क-लापोपीला पोचता. हे गाव नदीपासून शंभर मीटर उंच कड्यावर आहे, सुंदर आहे, आणि २०१२ मध्ये फ्रेंचांनी त्याला आपलं सर्वांत लाडकं गाव म्हणून निवडल्यापासून दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. संध्याकाळी सहानंतर जा. पुढे बूझिएसपर्यंत उतार आहे. तिथे नावा दोरानं ओढणाऱ्यांसाठी कड्यात खोदलेली वाट आहे. ती चालायची वाट आहे, सायकल कुलूप लावून ठेवा.

चार गोष्टी सुट्या सांगते. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम, ऑगस्ट टाळा. कागदी नकाशा घ्या, मिशलँचा ३३७ क्रमांकाचा, कारण खोऱ्यात मोबाइलची रेंज जाते. त्यावर पांढरे रस्ते शोधा, पिवळे शक्यतो टाळा, लाल विसरा. गावात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, गल्ली कितीही बारीक असो. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जाकीट कायद्यानंच सक्तीचं आहे. गाड्यांनी गावाबाहेर सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवायचं असतं आणि आम्हाला तरी ते ठेवताना दिसले. आपल्याला मात्र डावीकडून चालवायची सवय, ती हमखास दगा देते चहा-कॉफीनंतर रिकाम्या रस्त्यावर निघताना. बहीण पुढे असायची म्हणून ठीक, एकटे असाल तर हँडलवर उजवीकडे बाण चिकटवा.

हाताशी आणखी तीन-चार दिवस असतील तर काओरहून परतू नका. खाली एग्वियोंपर्यंत सुमारे १६० किलोमीटरचा, पाट्या लावलेला सायकलमार्ग आहे, व्ही ८६. द्राक्षमळे, लूझेकचं वेटोळं आणि प्युई-लेव्हेक वाटेतच लागतात, आणि एग्वियोंला बोर्दोची गाडी मिळते.