शिरोरेषेतल्या चिरा अखेर गेल्या

गेल्या! मागच्या नोंदीतलं पोस्टरचं शीर्षक 'दिवाळी अंक प्रदर्शन' आठवतंय ना, ज्याच्या शिरोरेषेत अक्षरागणिक एक उभी रेघ दिसत होती? आता ८०० टक्के झूम केलं तरी रेघ नाही. सलग, एका दमात ओढल्यासारखी शिरोरेषा. काल रात्री काही काम नसताना ती फाइल परत परत उघडून बघत बसले होते.

ज्यांनी मागचं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी: आमच्या वाचनालयातल्या दिवाळी अंकांच्या प्रदर्शनाचं पोस्टर, ए-थ्री, इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये. गडद जांभळ्यावर झेंडूच्या रंगाचं शीर्षक आणि त्याला जाड पांढरी बॉर्डर. बॉर्डर नव्हती तोवर सगळं छान. स्ट्रोक (म्हणजे ती बॉर्डर) दिला रे दिला, की 'प्र' आणि 'द'च्या मध्ये चीर, 'द' आणि 'र्श'च्या मध्ये चीर. वेलांटी जिथे अक्षराला टेकते तिथेही एक आगाऊ पांढरा तुकडा.

कारण समजायला सोपं आहे. फाँटात शिरोरेषा अशी वेगळी वस्तू नसतेच. प्रत्येक अक्षर आपापला तुकडा डोक्यावर घेऊन येतं, आणि दोन तुकड्यांत फट दिसू नये म्हणून तो तुकडा शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेला असतो. भरीव रंगात हे खपून जातं. स्ट्रोक मात्र प्रत्येक तुकड्याच्या कडेकडेने फिरतो, त्यामुळे एकमेकांच्या पोटात दडलेल्या कडाही उघड्या पडतात. इंग्रजी व्हिडिओंतले गुरुजी स्ट्रोक देऊन पुढच्या धड्याला जातात, कारण त्यांची अक्षरं सुटी उभी असतात. मला उत्तर सापडलं तेही 'देवनागरी' हा शब्द सोडून जोडून लिहिलेल्या कर्सिव्ह इंग्रजी फाँटांबद्दल शोधल्यावर. त्यांचं दुखणं अगदी हेच! मराठीत अडलात तर अधूनमधून कर्सिव्हवाल्यांचं दार ठोठवा.

उत्तर ऐकायला तीन पायऱ्यांचं: ऑब्जेक्ट टू पाथ (मजकुराचे आकार करणं), अनग्रुप (आकारांचा गट सोडवणं), मग सगळं निवडून युनियन (कंट्रोल-प्लस). तुकडे वितळून एकच आकार होतो, आतल्या कडा उरतच नाहीत. साध्या टाइप केलेल्या शब्दावर हे पहिल्या फटक्यात चाललं. माझ्या शीर्षकावर ढिम्म.

इथे 'श' आडवा आला. मला 'प्रदर्शन'मध्ये आपला मराठी वळणाचा श हवा होता, हिंदी पाट्यांवरचा नको. नोटो सान्स देवनागरी या फाँटात दोन्ही आकार आहेत, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे कळल्याशिवाय तो मराठी आकार पुढे करत नाही. म्हणून शीर्षक लिबरऑफिस ड्रॉमध्ये टाइप केलं, भाषा मराठी केली, श झकास आला, पीडीएफ काढली आणि ती इंकस्केपमध्ये आणली. आणताना पॉपलरचा (पीडीएफ वाचायची एक पद्धत) पर्याय निवडला, म्हणजे मजकूर आकारांत बदलूनच येतो. दिसायला सगळं हवं तसं. युनियन दाबलं की मात्र काही घडत नाही. आधी वाटलं आकार फार गुंतागुंतीचे असतील, मग वाटलं लॅपटॉप म्हातारा झाला. फाँट बदलून पाहिला, शब्द अर्धा करून पाहिला.

उकल खिडकीच्या खालच्या पट्टीत होती, जिकडे मी कधी बघतच नाही. नुसत्या 'द'वर क्लिक केलं आणि तिथे बारीक अक्षरांत 'क्लोन' असं दिसलं. पॉपलरने आणलेल्या फाइलीत प्रत्येक अक्षराचा मूळ आकार एकदाच, नजरेआड ठेवलेला असतो. पानावर दिसतात त्या त्याच्या सावल्या. 'दिवाळी'तला द आणि 'प्रदर्शन'मधला द एकाच आकाराच्या दोन सावल्या! माझ्याकडची इंकस्केपची आवृत्ती जुनी, आणि सावल्यांचं युनियन तिला जमत नव्हतं.

तर खरा क्रम असा: सगळं निवडा, अनलिंक क्लोन (शिफ्ट-ऑल्ट-डी), मग खालच्या पट्टीत 'पाथ' दिसेपर्यंत अनग्रुप करत राहा, आणि मग युनियन. चिरा डोळ्यांदेखत मिटल्या.

युनियनच्या आधी मजकुराची एक प्रत लपवलेल्या लेयरमध्ये ठेवाच, नंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही. आणि ठेवताना अक्षर अक्षर मोठ्याने वाचा. 'प्रर्दशन' लिहिलेले बॅनर गावोगावी लटकताहेत, त्यात आपली भर नको.

युनियननंतर दोन किरकोळ कामं उरली. जोडाच्या जागी बारीकशा पायऱ्या राहतात. तिथे सिम्प्लिफायचा (रेषा आपोआप सोपी करणारी आज्ञा) मोह आवरा, त्याने अक्षरांचे कोपरे गुळगुळीत होऊन सगळी धार जाते. नोड टूल घेऊन जादा नोड (रेषेवरचे बिंदू) हाताने उडवलेले बरे. दुसरं म्हणजे स्ट्रोक निम्मा बाहेर आणि निम्मा आत जातो, त्यामुळे 'ळ'चे डोळे मिटायला लागतात. स्ट्रोकच्या टॅबमध्ये ऑर्डर बदलून तो रंगाखाली ढकलला आणि जाडी दुप्पट केली. जॉइन (स्ट्रोकचा कोपरा) गोल केला, नाहीतर टोकदार शेपट्यांना काटे फुटतात.

आता तुम्ही विचाराल, मग तिरो देवनागरी मराठी हा फाँट का नाही वापरला? त्यात मराठी श आणि ल मुळातच आहेत, भाषा सांगायची गरज नाही. बरोबर. खालच्या मजकुराला तोच वापरलाय आणि 'वाचनालय'मधला ल बघून जीव गार होतो. पण त्यात एक साधं वजन (अक्षराची जाडी) आणि एक तिरपं, एवढंच मिळतं. लांबून वाचायच्या शीर्षकाला तो पुरत नाही. 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा बालू जाड आहे, पण त्याचा गोलवा लहान मुलांच्या कार्यक्रमाचा वाटतो. त्यांच्याच मोदक या फाँटाच्या मी प्रेमात आहे, मात्र जरा लहान केला की त्यातल्या फटी बुजतात. यात्रा वन हा फाँट मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलाय, आणि म्हणूनच 'दिवाळी अंक' हे पुढच्या स्टेशनचं नाव वाटायला लागलं.

रंगाचं थोडक्यात. इंकस्केप आरजीबीत (पडद्याच्या रंगांत) काम करतं, म्हणून छपाईची पीडीएफ स्क्रायबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधून काढते. झेंडूचा केशरी सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंत) मलूल झाला. मॅजेंटा ५५, यलो १००, सायन आणि ब्लॅक शून्य यावर थांबले, आणि केशरी आणखी भडक करण्याचा नाद सोडून जांभळा गडद केला. शेजार बदलल्यावर तोच केशरी उठून दिसतोय. याचा आनंद चिरांच्या खालोखाल.

ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) चारी बाजूंनी ३ मिमी धरून पान ३०३ बाय ४२६. चौकातल्या प्रेसवाल्या दादांनी फाइल उघडायच्या आधीच विचारलं, "ताई, कर्व्ह केलंय ना?" म्हटलं, "कर्व्ह करून, वेल्डसुद्धा केलंय." कर्व्ह म्हणजे मजकुराचे आकार करणं, वेल्ड म्हणजे आपलं युनियन; ही कोरेलड्रॉ या सॉफ्टवेअरची भाषा ऐकून स्वारी खूश. फाइल उघडली, एक अक्षर फुटलं नाही. मग हळूच म्हणाले, "हा श कुठल्या फाँटातला?" हे वाक्य मी जपून ठेवणार आहे. नमुना १७० जीएसएम आर्ट पेपरवर काढला. चकाकी जास्त वाटते, अंतिम प्रत मॅटवर काढीन.

आणि हे सगळं लिहिता लिहिता एक किडा डोक्यात शिरलाय. शिरोरेषा आता सलग आकार आहे. मग ती पोस्टरच्या दोन्ही कडांपर्यंत लांबवली तर? ती पुस्तकांची फळी होईल! अक्षरं खाली लटकलेली, वर दिवाळी अंक उभे. वरची जागा सगळीकडे मोकळी नाही, 'दि' आणि 'ळी'वर वेलांट्या आहेत. पण 'वा'वर जागा आहे, 'क'वर आहे, 'प्र', 'द' आणि 'न'वर आहे. 'र्श'च्या रफाराला एक अंक तिरपा टेकवता येईल. कोपऱ्यातल्या अंकाच्या कण्यावर बारीक '१९०९' टाकायचं, 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक त्या साली निघाला होता. ओळखणारे ओळखतील.

गंमत म्हणजे फळी केली तर पांढऱ्या बॉर्डरची गरजच उरत नाही. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला तीच जाणार. जाऊ दे. युनियन मात्र लागणारच, कारण फळीला जाडी आणि सावली द्यायची तर ती एकसंध हवी. अक्षरचित्रकार कमल शेडगे यांनी केलेली नाटकांची शीर्षकं पुन्हा काढून बसलेय. शब्दाच्या अर्थाला अक्षराच्या अंगातच जागा कशी करून द्यायची, ते त्यांच्याकडे बघावं. माझ्या फळीवर अजून पुस्तकं नुसती ठेवल्यासारखी दिसतात, अक्षरातून उगवल्यासारखी नाही. बहुधा कण्यांची जाडी अक्षरांच्या दांड्याइतकीच ठेवावी लागेल. आज रात्री ते करून बघते.

दरम्यान, मराठी श-ल असलेला, जाड वजनाचा, मोकळ्या परवान्याचा आणि टोकदार कडांचा फाँट कुणी वापरत असेल तर नाव कळवा. गोल नको, गोल पुष्कळ आहेत.