इथे पश्चिम कोणती?

देऊळ असो, मशीद असो वा चर्च, दारात पाऊल टाकताच तुम्ही आधी दिशा का विचारता, असे माझ्याबरोबर हिंडणारी मंडळी मला नेहमी विचारतात. त्याचे उत्तर आज सविस्तर सांगतो.

ही सवय मला अलिबागच्या इस्राएल आळीत लागली. तिथल्या 'मागेन अबोथ' सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मूर्तीच नाही तर हात जोडायचे कोणासमोर, अशा संभ्रमात मी उभा होतो. देखरेखीला असलेल्या वृद्ध गृहस्थांनी दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे धर्मवचने ठेवलेल्या छोट्या डबीला, बोटे लावून ती ओठांशी नेली, मग पडद्याआडच्या कपाटाकडे, म्हणजे हेखालकडे, हात केला आणि आपल्या घरच्या मराठीत सांगितले, "यात तोराच्या, आमच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या आहेत. आणि या भिंतीच्या मागे, समुद्रापलीकडे जेरुसलेम. आम्ही तिकडे तोंड करतो." पेणकर, दिवेकर, नागावकर अशी आडनावे लावणारे, तेलाचा धंदा करताना शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनवार तेली' म्हणून ओळखले जाणारे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, कित्येक पिढ्या इथेच नांदले, प्रार्थनेची दिशा मात्र त्यांनी सोडली नाही.

त्याच संध्याकाळी जवळच्या मशिदीत नमाजाच्या रांगाही पश्चिमेकडेच तोंड करून उभ्या राहिलेल्या पाहिल्या. प्रारंभी मुसलमानांचा किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, जेरुसलेमच होता, तो इ. स. 624 मध्ये मक्केकडे वळला, हे मला ठाऊक होते. पण कोकणच्या किनाऱ्यावरून दोन्ही नगरे साधारण एकाच बाजूला येतात, हे तोवर लक्षातच आले नव्हते.

यात पश्चिमेला स्वतःचे असे पावित्र्य नाही. मोरोक्कोतला नमाजी पूर्वेकडे पाहतो, केप टाउनमधला उत्तरेकडे, आणि प्रत्यक्ष मक्केतल्या काबागृहाच्या प्रांगणात तर सरळ रांगांची वर्तुळे होतात, समोरासमोरची माणसे एकमेकांकडे तोंड करून उभी राहतात. माझ्या मते दिशेचा खरा अर्थ तिथे उघड होतो : ती नकाशावरची नसून त्या जागेशी असलेल्या नात्याची असते.

आपल्या देवळांत हा व्यवहार बहुधा उलटा चालतो. कोल्हापूरची अंबाबाई पश्चिमाभिमुख आहे आणि वर्षातून दोनदा, नोव्हेंबरमध्ये व जानेवारीच्या अखेरीस, मावळतीची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्याकडे येतात. किरणोत्सवाला जमलेली गर्दी श्वास रोखून उंबऱ्यावरून पुढे सरकणारा तो तांबूस पट्टा पाहत असते. किरणे देवीच्या चरणांना लागली की घंटा वाजू लागतात. इथे भक्ताने तोंड फिरवायचे नसते, प्रकाशच देवीच्या भेटीला येतो. अमृतसरच्या हरमंदिर साहिबला, म्हणजे शिखांच्या सुवर्णमंदिराला, तर चारही दिशांना दारे आहेत, त्यामुळे तिथे माझा प्रश्नच उरत नाही.

अलिबागच्या त्या गृहस्थांना निघताना मी त्यांच्या नातलगांविषयी विचारले होते, कारण 1948 नंतर त्यांच्या समाजातली बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. ते म्हणाले, "धाकटा भाऊ अश्दोदला असतो. तिथून जेरुसलेम पूर्वेला येते. आता तो आमच्याकडे तोंड करून प्रार्थना करतो."