तुझं काय, घर जवळ आहे

"तुझं काय बाई, तुझं घर जवळ आहे." माझ्या वर्गातली भरूचवाली एवढं बोलली आणि बॅग खांद्यावर टाकून स्टेशनकडे पळाली, तिच्या लक्षातही नसेल. माझ्या डोक्यात मात्र परवापासून तेच फिरतंय.

विषय काय तर प्रोजेक्टची फाइल कोण पूर्ण करणार. ती अपडाउन करते, रोज जाऊन-येऊन १४० किलोमीटर तरी होत असतील, तिला कोण सांगणार. हॉस्टेलवाल्यांचं मेसचं टायमिंग. मग राहिले मी, कारण मी इथेच वडोदऱ्यात, दांडिया बाजारात राहते, कॉलेजपासून स्कूटीवर पंधरा मिनिटं, काला घोडा चौकात अडकले तर वीस. म्हणजे माझ्याकडे वेळच वेळ! काही न बोलता फाइल घेऊन आले.

पण आहे का खरंच माझ्याकडे वेळ? साडेचारला घरी पोचते, तिथून झोपेपर्यंत बघायला गेलं तर केवढा तरी आहे, पण तो सगळा सुट्ट्या पैशांसारखा, कुणीही मागावे आणि मी काढून द्यावे. आई म्हणते कोथिंबीर आण, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून आजीच्या डोळ्यांत थेंब मीच घालते, तेवढ्यात काकू पोराचं गणित घेऊन येतात, बेल वाजली की दार उघडायला पण मीच. प्रत्येक काम पाच मिनिटांचं, म्हणून नाही म्हणता येत नाही. आणि गौरी-गणपतीत तर इंटर्नल टेस्ट सुरू, घरात हळदीकुंकू, मी वही मांडीवर घेऊन पानसुपारीचं तबक भरतेय. गौरींना साडी नेसवायला मात्र मलाच हवं असतं, तिथे दुसऱ्या कुणी हात घातलेला मला चालत नाही. ते जाऊ दे.

अभ्यासाची ती पोमोडोरो पद्धत पण करून बघितली. २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं ब्रेक. फ्रान्चेस्को चिरिलो म्हणून इटलीतल्या एका मुलानं कॉलेजात असताना, १९८० च्या दशकाच्या शेवटी, स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर लावून हे सुरू केलं, म्हणून नाव पोमोडोरो, म्हणजे टोमॅटो. पद्धत चांगलीच आहे. पण टायमर वाजायच्या आत त्याला घरातून कुणी हाक मारत होतं का, हे कुठेच लिहिलेलं नाही, आणि माझं सगळं अडतं ते तिथेच. मी कितीही छान टाइमटेबल केलं तरी ते फक्त मला माहीत असतं, घराला नाही.

काल भरूचवालीला विचारलं, तुझं जर्नल नेहमी वेळेवर कसं गं असतं? म्हणाली, परतीच्या ट्रेनमध्ये कर्जणपर्यंत आजचं लेक्चर वाचते, पालेजपर्यंत लिहिते, मग डोळे मिटून घेते. मला इतका हेवा वाटला ना, रडूच यायचं बाकी होतं. मग ती म्हणाली, जागा मिळाली तर हं. नाही मिळाली की दाराशी उभी, एका हातात वही, सकाळी पाचला उठलेली. हे ऐकल्यावर हेवा कसला करायचा. तिचा तो तास तिला फुकट मिळत नाहीये.

तरी पण त्या तासात तिला कुणी "जरा इकडे ये" म्हणू शकत नाही, हे खरंच आहे. मला तेवढंच हवंय. ट्रेन नको, तेवढाच एक तास.

म्हणून आता प्रॅक्टिकल संपलं की सरळ घरी नाही यायचं, युनिव्हर्सिटीच्या हंसा मेहता लायब्ररीत बसायचं, फोन सायलेंटवर, आणि तिची ट्रेन भरूचला पोचायच्या सुमारास निघायचं. १९४९ मध्ये आमची युनिव्हर्सिटी सुरू झाली तेव्हा हंसाबेन पहिल्या कुलगुरू होत्या. इतकी वर्षं बोर्डावर नाव वाचतेय, पण एवढं सगळं सांभाळणाऱ्या बाईला स्वतःचा म्हणून वेळ कसा मिळत असेल हा विचार आज पहिल्यांदा आला. आईला सांगितलं, उद्यापासून सहाला येईन. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, बरं, मग कोथिंबीर येतानाच घेऊन ये. एवढंच! आणि मी इतके दिवस मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते.

आजीला सांगायचं राहिलंय. साडेचारचा चहा ती माझ्याशिवाय घेत नाही, मी येईपर्यंत गॅसवर आधणही ठेवत नाही. बहुतेक लायब्ररी सोमवार, बुधवार, गुरुवार एवढंच ठेवेन. मंगळवारी आणि शुक्रवारी घरी.