किंग्ज क्रॉस ते यॉर्क : डेल्टिकच्या वाटेवरून

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून निघालेली गाडी बोगद्यांतून बाहेर येते न येते तोच फिन्सबरी पार्क मागे पडतं. मी त्यासाठीच खिडकीची जागा धरली होती. डेल्टिक वर्गाच्या २२ डिझेल लोकोंपैकी (लोको म्हणजे गाडी ओढणारं आख्खं रेल्वे इंजिन) ८ इथल्या शेडचे, म्हणजे देखभालीच्या ठाण्याचे. त्यांना शर्यतीच्या घोड्यांची नावं दिलेली. गेट्सहेड आणि हेमार्केट शेडच्या लोकोंना पलटणींची. १९६१-६२ मध्ये हे २२ लोको आले आणि एडिनबरापर्यंतच्या या ६३२ किलोमीटरच्या मार्गावर त्यांनी वाफेच्या ५५ लोकोंचं काम उचललं.

पीटरबरो सोडल्यावर स्टोक बँकचा लांब चढ लागतो. माझ्या विजेच्या गाडीला तो जाणवलाही नाही. पण जड एक्स्प्रेस घेऊन असा चढ वेग न सोडता चढायचा, तर लोकोत ताकद हवी आणि त्याचं स्वतःचं वजन कमी हवं. डेल्टिक बनवणाऱ्या इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीच्याच आधीच्या डिझेल लोकोचं वजन १३३ टन आणि ताकद २००० अश्वशक्ती. डेल्टिकचं वजन ९९ टन, ताकद ३३०० अश्वशक्ती! हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हापासून मी या यंत्राच्या प्रेमात आहे.

यॉर्क स्टेशनपासून राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय चालत जाण्याइतकं जवळ आहे, आणि प्रवेश मोफत. तिथे डी९००२ क्रमांकाचं डेल्टिक भेटतं, ‘द किंग्ज ओन यॉर्कशायर लाइट इन्फंट्री’ नावाचं. हिरव्या रंगाच्या दोन छटा, पुढे आलेलं भलंमोठं नाक, त्यामागे उंचावरची केबिन. मी बराच वेळ त्याच्याभोवती फिरत राहिलो.

खरी करामत पोटात आहे. नेपियर कंपनीने हे इंजिन ब्रिटिश नौदलाच्या वेगवान गस्ती नौकांसाठी घडवलं होतं. सिलिंडरांच्या तीन रांगा त्रिकोणात मांडलेल्या, प्रत्येक कोपऱ्यावर एक क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनांच्या ये-जा हालचालीने फिरणारा दांडा. एका सिलिंडरात समोरासमोर दोन पिस्टन, त्यामुळे सिलिंडर हेड (सिलिंडरचं झाकण) आणि व्हॉल्व्ह (झडपा) यांची गरजच नाही. तेवढं वजन वाचलं. १८ सिलिंडर, ३६ पिस्टन. आणि एका लोकोत अशी दोन इंजिनं! एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर गाडी पुढे नेता येई.

एवढं नाजूक यंत्र रोज ताशी १०० मैलांनी पळवणं सोपं नव्हतं. इंजिनाला दुरुस्ती लागली की ते आख्खं उतरवून तयार इंजिन बसवायचं आणि लोको पुन्हा कामावर, अशी पद्धत होती. माझ्या मते डेल्टिकच्या यशाचं अर्धं श्रेय शेडमधल्या या हातांना आहे.

हे लोको इंग्लिश इलेक्ट्रिकने बांधले न्यूटन-ल-विलोजच्या आपल्या व्हल्कन फाउंड्री या कारखान्यात. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेणारी इंजिनंही याच कारखान्याची. ही गोष्ट आठवली आणि नकळत त्या हिरव्या पत्र्यावर हात ठेवला गेला.

१९७८ मध्ये ताशी १२५ मैलांच्या एचएसटी (हाय स्पीड ट्रेन) गाड्या आल्या आणि डेल्टिकच्या हातून मानाच्या गाड्या गेल्या. २ जानेवारी १९८२ ला निरोपाची फेरी झाली. २२ पैकी सहा जतन झाले. त्यांतले तीन डेल्टिक प्रिझर्व्हेशन सोसायटीचे आहेत. संग्रहालयातला लोको डोळे भरून पाहता येतो, पण त्या दोन इंजिनांचा एकत्र आवाज ऐकायचा तर चालता डेल्टिक गाठायला हवा. पुढचा बेत त्यासाठीच.