तुम्ही विचारलेत म्हणून : आधी सावली शिवली

भुसावळातील आमच्या घरी उन्हाळ्यात जो कोणी येतो, तो गच्चीवर गेल्यावर एकच प्रश्न विचारतो. आमची झाडे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच करपतात, मग तुमच्याकडे मे महिन्यात गिलके आणि चवळी कशी टिकते. माती कुठून आणता आणि खत कोणते घालता? शाळेतील सहकारी विचारतात, गल्लीतल्या बायका विचारतात, जळगावहून येणारी नणंद तर दर वर्षी विचारते. प्रश्न माती आणि खताचा असतो आणि माझे उत्तर शिवणाच्या मशीनपासून सुरू होते, त्यामुळे उभ्या उभ्या सांगताना ते नेहमी अर्धे राहते. म्हणून एकदा सविस्तर लिहीत आहे.

आमच्या गच्चीवर माती आणि खत यांचा क्रमांक दुसरा आणि तिसरा लागतो. पहिला क्रमांक सावलीचा आहे, आणि ती सावली मी सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्यांची शिवलेली आहे.

२२ मार्च २०२० रोजी जनता संचारबंदी झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. शाळा बंद पडल्याने मी घरी होते. प्रवासी गाड्या थांबल्या, पण मालगाड्या चालू राहिल्या, आणि माझे यजमान मालगाडीवर गार्ड असल्यामुळे त्यांची ड्युटी सुटली नाही. जंक्शनच्या गावात राहणाऱ्या माणसाला रात्री गाड्यांचा आवाज ऐकू आला नाही तर झोप लागत नाही, त्या दिवसांत फक्त मालगाड्यांचे लांबलचक आवाज येत, आणि प्रत्येक आवाजाला आई, म्हणजे माझ्या सासूबाई, “तो असेल का?” असे विचारत. सुरुवातीच्या आठवड्यात भाजीच्या हातगाड्या येईनाशा झाल्या, म्हणून घरातच थोडी भाजी पिकवावी असे मनात आले. स्वयंपाकघरातून मेथीदाणे, धने आणि चवळी एवढे बियाणे निघाले. फुटक्या बादल्या, एक जुने टब आणि अंगणातली काळी माती गच्चीवर गेली.

मेथी चौथ्या दिवशी उगवली. नवव्या दिवशी तिची टोके पिवळी पडली आणि अकराव्या दिवशी ती वाफ्यात आडवी झाली. धने तर उगवलेच नाहीत. पाणी कमी पडले असे समजून मी दुपारीही पाणी घालू लागले, आणि चवळीची रोपेसुद्धा माना टाकू लागली. तेव्हा मला कळत नव्हते ते आता कळते. मेथी आणि कोथिंबीर ही थंडीची पिके आहेत; खानदेशात ती दसऱ्यापासून होळीपर्यंत जोमात येतात, आणि एप्रिलमध्ये उघड्यावर पेरणे म्हणजे बी वाया घालवणे. दुसरे असे की, जिथे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो तिथल्या गच्चीवर झाडाला वरून ऊन आणि खालून तापलेला स्लॅब असा दोन्हीकडून भाजले जाण्याचा त्रास होतो. दुपारी चार वाजता काळ्या बादलीच्या पश्चिमेकडच्या बाजूला मी हात लावला तेव्हा तो मागे घ्यावा लागला. मुळे त्याच प्लॅस्टिकला चिकटून वाढत होती. इतक्या उन्हात पान आपली रंध्रे मिटून घेते, त्यामुळे बुडाशी पाणी असले तरी ते वर पुरेसे ओढले जात नाही.

आई अमळनेरकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. मोतीबिंदूमुळे त्यांना त्या वेळी नीट दिसत नव्हते आणि ठरलेली शस्त्रक्रिया टाळेबंदीत पुढे गेली होती. त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून बादल्या हाताने चाचपून म्हणाल्या, “झाडले बी ऊन लागस, माय.” त्यांच्या माहेरी मिरचीची रोपे तयार करताना वाफ्यावर मांडव घालून त्यावर कडुलिंबाचे डहाळे पसरत असत, रोप धरेपर्यंत ते काढत नसत. आमच्याकडे डहाळे कुठून आणणार? पण मशीनवर कापड होते.

मशीनवर कापड होते याचे कारण मास्क. बाजारात मास्क मिळत नव्हते, आणि केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने घरी मास्क करण्याची पुस्तिका काढली होती. तिच्यात शंभर टक्के सुती कापडाचा दुहेरी थर सांगितला होता. पुढे जून महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने तीन थरांची शिफारस केली, तोवर मी दोनच थरांचे शिवत होते. आईंनी ट्रंकेतली चार लुगडी माझ्यापुढे ठेवली. वर्षानुवर्षे धुतलेले सुती लुगडे इतके मऊ आणि दाट झालेले असते की नवे कापड त्याची बरोबरी करू शकत नाही. कापण्यापूर्वी कापड गरम पाण्यातून काढून वाळवायचे, नऊ इंच बाय सात इंचांचे तुकडे करायचे, तीन चुण्या घालायच्या आणि दोन्ही बाजूंना टीप मारायची. इलॅस्टिक मिळेना, म्हणून लुगड्याच्या काठाच्या अरुंद पट्ट्या कापून त्यांचे बंद केले, आणि ते इलॅस्टिकपेक्षा चांगले टिकले. घामाने मास्क भिजला की बदलावा लागतो, म्हणून यजमानांच्या डब्यासोबत मी प्रत्येक ड्युटीला सहा मास्क देत असे. आईंना सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण बोटांच्या अंदाजाने धावदोरा अगदी सरळ येत होता. म्हणून मी सकाळी दहा सुया ओवून उशीत टोचून ठेवत असे आणि त्या दिवसभर बंद शिवत असत.

उषाची ती पायमशीन माझ्या लग्नातली आहे, आणि तेव्हा ती सहा-सात वर्षे बंद होती. तिचा चामडी पट्टा सैल पडून घसरू लागला. दुकाने बंद, म्हणून पट्टा एक इंच कापून पुन्हा तारेने जोडला. पट्टा ताणून सैल झाला तर तो नवा आणण्याची गरज नसते, हे मला इतक्या वर्षांनी कळले.

मास्कसाठी दोन लुगडी कापली गेली. तिसरे मी तसेच ठेवले आणि त्याची सावली शिवली. नऊवारी लुगडे सव्वाआठ मीटरच्या आसपास लांब असते. त्याचे दोन भाग करून एकमेकांशेजारी ठेवले तर चार मीटर लांब आणि दोन मीटरहून थोडे जास्त रुंद असे छत मिळते. सुरुवातीला मी मधला जोड अखंड टीप मारून बंद केला, आणि पहिल्याच वावटळीत ते छत शिडासारखे फुगले आणि एका कोपऱ्यात फाटले. दुसऱ्या वेळी दोन भाग चार बोटे एकमेकांवर ठेवले आणि दर दीड फुटावर फक्त टाका घेऊन जोडले. मधल्या फटींतून वारा निघून जातो आणि कापड एकमेकांवर असल्याने ऊन आत येत नाही. लांबीच्या दोन्ही कडांना परकराला असतो तसा दोन इंचांचा नेफा शिवला आणि त्यातून नायलॉनची दोरी ओवली. त्यामुळे ताण कापडावर न येता दोरीवर येतो. चारही कोपऱ्यांना आतून त्रिकोणी ठिगळे लावली. सुई सोळा नंबरची घेतली, कारण काठ, नेफा आणि ठिगळ एकत्र आले की चौदा नंबरची सुई मोडते. पहिल्या वर्षी मी साधा सुती दोरा वापरला होता. उन्हाने तो एकाच मोसमात कमजोर झाला आणि कापड शाबूत असताना शिवण उसवली. तेव्हापासून दोरा पॉलिस्टरचा.

हे छत डोक्यापेक्षा हातभर उंच बांधावे. खूप खाली बांधले तर खालची हवा कोंडते आणि झाडे उकडून निघतात. पश्चिमेला मात्र कापडाचा एक पदर खाली सोडावा, कारण दुपारी तीननंतरचे तिरपे ऊन छताखालून आत शिरते आणि सर्वांत जास्त नुकसान तेच करते. तो लोंबता पदर मी भाज्या-तांदूळ धुतलेल्या पाण्याने दुपारी ओला करते. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे पाणी झपाट्याने वाफ होते आणि त्या बाजूची हवा थंड पडते; कूलरही याच तत्त्वावर चालतो. बाजारातली हिरवी शेडनेट वाईट नाही, ती अनेक वर्षे टिकते आणि घाईत असलेल्या माणसाने ती जरूर घ्यावी. पण ती पाणी धरून ठेवत नाही आणि सुती कापड धरते, हा फरक मला फार मोठा वाटतो.

कुंड्यांचीही शिवण आहे. कुंड्या मिळत नव्हत्या, पण शेजारच्या गोठ्यातून ढेपेच्या रिकाम्या गोण्या मिळाल्या. गोणी नुसती भरली तर ती लवंडते. म्हणून ती उलटी करून तळाची दोन्ही टोके त्रिकोणात दुमडायची आणि त्या त्रिकोणाच्या पायाशी दाभणाने सुतळीची आडवी शिवण घालायची. सुलटी केल्यावर तिला चौकोनी बूड येते आणि ती भिंतीसारखी उभी राहते. वरची कड बाहेरच्या बाजूला दोनदा दुमडायची. प्लॅस्टिकची गोणी उन्हात वर्षभरात भुसभुशीत होऊन तिचे तुकडे मातीत मिसळू लागतात, म्हणून तिला बाहेरून जुन्या चादरीचा पांढरा झगा शिवला. त्याने गोणी वाचली आणि मुळेही भाजेनाशी झाली.

आता मातीविषयी, कारण प्रश्न तोच असतो. आपली काळी माती शेतात सोने आहे, पण कुंडीत एकटी घालू नये. ती वाळली की आकसून कडेपासून सुटते आणि घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते. वरून वाटते की झाड प्यायले, आणि मुळांना थेंबही मिळालेला नसतो. मी एक भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग कुजलेला पाला घेते. कडुलिंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, त्यामुळे टाळेबंदी लागली तेव्हा कॉलनीत त्या वाळक्या पानांचे ढीग पडलेले होते आणि ते झाडायला कोणी येत नव्हते. तीच पाने मी मातीवर तीन बोटे जाड पसरली. खताचे म्हणाल तर घरातल्या ओल्या कचऱ्याचे कंपोस्ट आणि अधूनमधून शेणखत, एवढेच.

आमच्या नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून मोठ्या टबासाठी आईंनी आणखी एक उपाय सांगितला. २६ एप्रिलला आखाजी होती. त्या वर्षी एकही लेक माहेरी येऊ शकली नाही, झोका बांधला गेला नाही, पण आईंनी पितरांची घागर भरली. नव्या घागरीसाठी जागा करताना गेल्या वर्षीची जुनी घागर निघाली. ती विटेच्या तुकड्याने बाहेरून खरवडून आम्ही टबाच्या मध्यभागी गळ्यापर्यंत पुरली आणि तोंडावर झाकणी ठेवली. भाजलेल्या, पण झिलई नसलेल्या मातीच्या भांड्यातून पाणी हळूहळू झिरपते आणि भोवतालची माती कोरडी होईल तसतसे ते बाहेर येते. चवळीची मुळे त्या घागरीला जाळीसारखी वेढून बसली होती, हे पावसाळ्यात टब रिकामे करताना दिसले.

गिलक्याचे बी विकत आणलेले नव्हते. अंग घासायला म्हणून मोरीत वाळलेले गिलके टांगलेले होते. ते झटकले तर आतून काळ्या बिया पडल्या. सावलीखाली रुजवलेले ते वेल जूनमध्ये कापडाच्या दोरीवर चढले आणि पश्चिमेची बाजू त्यांनीच झाकून टाकली. टोमॅटोचे मात्र सांगायला हवे. रोपे हिरवीगार राहिली, फुले आली आणि गळून गेली, कारण एवढ्या उष्णतेत परागकण निकामी होतात. सावलीने झाड वाचते, पण प्रत्येक झाडाला फळ धरवता येत नाही. टोमॅटो हिवाळ्यातच लावावा.

२०२१ च्या एप्रिलमध्ये यजमानांना कोरोना झाला आणि ते गच्चीला लागून असलेल्या खोलीत वेगळे राहिले. ती खोली उन्हाळ्यात भट्टीसारखी तापते. मी चवळीवरचे छत सोडले आणि त्या खोलीच्या खिडकीबाहेर दुहेरी करून बांधले, दिवसातून चार वेळा ओले केले. ते खाटेवर पडून काचेतून बघत आणि कोणती दोरी सैल झाली आहे ते बोटाने दाखवत. मी बाहेरून गाठ आवळत असे. त्या वर्षी चवळी गेली. ते बरे होऊन कामावर गेले.

आता माझा क्रम ठरलेला आहे. होळी झाली की दोऱ्या बांधायच्या, आठवड्याभरात छत चढवायचे आणि त्यानंतरच चवळी, गिलके, तांदुळजा यांचे बी मातीत घालायचे. मृगाचा पाऊस पडला की छत उतरवून धुवायचे, उसवलेले टाके घालायचे आणि ट्रंकेत ठेवायचे. आईंच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया नंतर झाली. सुई आता त्या स्वतः ओवतात आणि माझी टीप वाकडी गेली तर लगेच दाखवतात.

राहिला शेवटचा प्रश्न, जो लुगडी नसलेल्या घरांतून येतो. सिंथेटिक साडी वापरू नका. ती पाणी शोषत नाही आणि तिच्याखाली हवा तापते. जुन्या सुती चादरी चालतात, मात्र मधला विरलेला भाग कापून टाकून चांगल्या कडा मध्ये आणून जोडा. धोतर फार पातळ असते, ते दुहेरी करा. रंग पांढरा किंवा फिका असावा. एवढे कापड जमले आणि मशीन नसले, तर नेफा हातशिलाईनेही होतो. उलटी टीप, म्हणजे प्रत्येक टाका थोडा मागे घेऊन पुढे नेलेली शिवण, घालावी, कारण साधा धावदोरा वाऱ्याच्या ताणाला टिकत नाही.