आमची वाटचाल : चाव्यांपासून कागदांपर्यंत

सुरुवातीला आमचं काम सरळ होतं. ज्यांचं परदेशात सुट्टीचं घर आहे आणि वर्षातले बरेच महिने ते बंद असतं अशा मालकांसाठी बुकिंग बघायचं, चाव्या द्यायच्या, साफसफाई करून घ्यायची आणि आपलं कमिशन घ्यायचं. टॅक्सचं ज्याचं त्याने बघावं, असं करारातच होतं. पण मालकांचे फोन यायचे ते गळक्या नळासाठी कमी आणि "अहो, तिकडच्या टॅक्स ऑफिसचं पत्र आलंय, काय करू?" यासाठीच जास्त, पत्र तिकडच्या भाषेत आणि मुदत बहुतेक वेळा संपत आलेली. मग तिथला एक अकाउंटंट जोडून घ्या, इथे एक माणूस फक्त कागदांसाठी ठेवा, असं करत करत धंदाच वळला. आता बुकिंग हा छोटा भाग राहिलाय.

पहिला प्रश्न ठरलेला असतो, टॅक्स तिकडे भरायचा की आपल्याकडे? बहुतेक वेळा रिटर्न दोन्हीकडे. घर जिथे उभं आहे त्या देशाला भाड्यावर टॅक्स लावायचा हक्क असतोच, देशादेशांतल्या करारांतही तो राखलेला असतो, आणि आपण जिथले रहिवासी तो देश बहुधा जगभरातलं उत्पन्न मोजतो. तिकडे भरलेल्याचं क्रेडिट, म्हणजे आपल्याकडच्या टॅक्समधून वजावट, साधारणपणे मिळतं, पण आपल्याकडे त्या उत्पन्नावर जेवढा टॅक्स बसतो तेवढंच, वरचा फरक परत मिळत नाही. त्यात वर्षंही जुळत नाहीत, स्पेनचं जानेवारी ते डिसेंबर, ब्रिटनचं ६ एप्रिल ते ५ एप्रिल, म्हणून आम्ही हिशोब महिन्यामहिन्याने लावतो, कुठल्याही वर्षात बसवता येतो. "दुबईत टॅक्सच नाही" म्हणणारेही येतात. व्यक्तीच्या भाड्यावर तिथे इन्कम टॅक्स नाही हे खरं, पण हॉलिडे होमचं परमिट लागतं, पाहुण्यांकडून दर रात्री 'टुरिझम दिऱ्हाम' नावाची फी घेऊन भरावी लागते, आणि मालकाच्या स्वतःच्या देशाने ते उत्पन्न सोडलेलं असतंच असं नाही.

माझं मत विचाराल तर टॅक्सचा दर किती हे नंतर बघावं, आधी तो कशावर लागतो ते बघावं. अमेरिकेत परदेशी मालकाच्या भाड्यावर सरळ ३० टक्के, तेही पूर्ण भाड्यावर, खर्च वजा न करता. रीतसर पर्याय निवडून रिटर्न भरलं तर मेंटेनन्स, व्याज, घसारा वजा करून उरलेल्यावर नेहमीच्या दराने टॅक्स लागतो, आणि कित्येक घरांचा आकडा तिथेच पार बदलतो. पण रिटर्न फार उशिरा गेलं की वजावटीचा हक्कच जातो, म्हणून आमच्याकडे तोट्यात असलेल्या घराचं रिटर्न सगळ्यात आधी जातं, मालकांना याचं नेहमी आश्चर्य वाटतं. स्पेनची तऱ्हा अजून वेगळी. युरोपियन युनियनमधल्या मालकाला खर्च वजा करून १९ टक्के, बाहेरच्याला २४ टक्के आणि तेही पूर्ण भाड्यावर, असा नियम चालत आलाय, यावर तिथे कोर्टबाजीही झालीय त्यामुळे दरवेळी भरण्याआधी ताजी स्थिती बघतो. आणि भाड्याने न दिलेल्या, स्वतःच्या वापरासाठी ठेवलेल्या दिवसांचंसुद्धा तिथे काल्पनिक उत्पन्न धरतात, सरकारी नोंदीतल्या किमतीच्या १.१ किंवा २ टक्के. म्हणजे घर रिकामं असलं तरी टॅक्स आहेच. हे ऐकून लोक आधी हसतात, मग कॅल्क्युलेटर काढतात.

टॅक्सच्या आधी परवानगी. इटलीत १ जानेवारी २०२५ पासून भाड्याने द्यायच्या घराचा राष्ट्रीय ओळख क्रमांक सक्तीचा आहे, तो जाहिरातीत आणि इमारतीच्या बाहेर लावायचा, नसेल तर ८०० ते ८००० युरो दंड. पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती पोलिसांच्या पोर्टलवर. स्पेनमध्ये ३ एप्रिल २०२५ पासून नव्याने टुरिस्टना द्यायचं असेल तर सोसायटीतल्या तीन पंचमांश मालकांची मंजुरी लागते, त्यामुळे घर घेऊन मग विचारायला येणाऱ्यांपेक्षा घेण्याआधी येणारे मला जास्त आवडतात.

लंडनमुळे आम्हाला फीच बदलावी लागली. तिथे नियोजन खात्याची वेगळी परवानगी नसेल तर घर वर्षाला ९० रात्रीच अल्पमुदतीने देता येतं. आमचं कमिशन दर रात्रीवर, म्हणजे रात्री वाढवण्यात आमचा फायदा आणि मर्यादा पाळण्यात मालकाचं हित, हे एका टेबलावर बसेना. मग वर्षाची ठरलेली फी केली. काही ग्राहक गेले, जे राहिले ते अजून आहेत. ब्रिटनमध्ये मालक बाहेर राहत असेल तर एजंटनेच भाड्यातून खर्च वजा जाता २० टक्के कापून भरायचे असतात, मालकाने तिथल्या टॅक्स खात्याची मंजुरी आणली तरच पूर्ण भाडं देता येतं. म्हणजे जबाबदारी सरळ आमच्या डोक्यावर, म्हणून मंजुरीचं पत्र हातात नसेल तर आम्ही कापतोच, ओळखीचा असला तरी.

"कोणाला कळणार आहे" वाले आता कमी झालेत. युरोपियन युनियनमध्ये २०२३ सालापासूनच्या कमाईची माहिती बुकिंग प्लॅटफॉर्म स्वतः टॅक्स खात्याला देतात, घराचा पत्ता, किती रात्री दिलं, रक्कम, सगळं, आणि तिथले देश ती एकमेकांना पाठवतात. २० मे २०२६ पासून युरोपियन युनियनचा नवा नियम लागू, त्यात नोंदणी क्रमांक आणि रात्रींची माहिती प्लॅटफॉर्मकडून सरकारी यंत्रणेकडे जाणार. त्यामुळे नवीन मालक आला की आम्ही आधी तीन गोष्टी मागतो, नोंदणी क्रमांक, तिथला टॅक्स नंबर आणि आजवरच्या बुकिंगची यादी. घराचे फोटो त्यानंतर.